घंटा थांबल्यावर

मतदानाची घंटा घणघणत होती आणि कुलूपकाका सभागृहाच्या दाराच्या मुठीला हात लावून जिन्याकडे बघत उभे होते. घंटा पाच मिनिटं वाजते. ती थांबली की दार लागतं, आणि बाहेर राहिलेला सभासद कितीही मोठा असो, बाहेरच राहतो. एकतीस वर्षांत काकांनी दोन मंत्री, एक माजी सभापती आणि स्वच्छतागृहातून धावत आलेला विरोधी पक्षनेता यांच्या तोंडावर दार लावलं होतं. कुलूप हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

आज राष्ट्राध्यक्षांवरच्या महाभियोगाचं मतदान होतं. सरकारी इस्पितळांना पुरवलेल्या इंजेक्शनांत औषधच नव्हतं, नुसतं खारं पाणी होतं, आणि कंत्राट राष्ट्राध्यक्षांच्या मेहुण्याचं होतं. त्या इंजेक्शनांच्या भरवशावर राहून जी माणसं गेली, त्यांत काकांची धाकटी लेक होती. सव्वीस वर्षांची, साध्या न्यूमोनियानं गेली. दारावरच्या माणसानं असलं बोलायचं नसतं, म्हणून काका कधी बोलले नाहीत. सकाळी निघताना बायको मात्र बोलली होती.

"त्याला काढलेलं बघायचंय मला. दुसरं काही नको."

जिन्यावर डॉक्टर दिसले. पेशानं डॉक्टर, आता तीन वेळा निवडून आलेले सभासद. लेक गेली तेव्हा हेच गृहस्थ घरी आले होते, काकांच्या बायकोसमोर ढसाढसा रडले होते. "वहिनी, त्या माणसाला खुर्चीवरून खाली ओढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही," म्हणाले होते. ठरावाला हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं हवी होती आणि आठवडाभर एकेका मतासाठी दोन्ही बाजूंनी जिवाचं रान केलं होतं. डॉक्टर धापा टाकत जिन्याच्या वळणावर पोचले आणि घंटा थांबली.

काकांनी दार लावलं नाही.

"या साहेब, लवकर या," ते पुटपुटले.

सहा सेकंद गेले असतील. डॉक्टर अंग चोरून आत शिरले, काकांकडे न बघता आपल्या जागेवर जाऊन बसले. काकांनी दार लावून कडी घातली. आयुष्यात पहिल्यांदा केलेल्या लबाडीचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

भिंतीवरच्या फलकावर नावांपुढे दिवे लागू लागले. हिरवा म्हणजे बाजूनं, लाल म्हणजे विरोधात. डॉक्टरांच्या नावापुढे लाल दिवा लागला.

काकांना वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. ते वाट बघत राहिले. दिवा लालच राहिला.

"हजर एकशे एक्कावन्न," सभापतींनी वाचलं. "बाजूनं शंभर. विरोधात एक्कावन्न. एकशे एक मतं आवश्यक होती. ठराव फेटाळण्यात येत आहे."

काकांनी हिशेब मनातल्या मनात तीनदा केला. डॉक्टर बाहेर राहिले असते तर हजर दीडशे, आणि दीडशेंत शंभर पुरले असते. राष्ट्राध्यक्षाला त्यांनी स्वतःच्या हातानं वाचवलं होतं. त्यांना दारावरच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

बाहेर पडताना डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

"उपकार झाले हो, काका."

काका तडक सचिवबाईंच्या खोलीत गेले. बाई निकालाच्या कागदांवर शिक्के मारत होत्या.

"दार उशिरा लागलं, बाई. डॉक्टर घंटा थांबल्यावर आत आले. त्यांचं मत धरू नका."

बाईंनी शिक्का खाली ठेवला.

"कुणी उघडं ठेवलं?"

"मी."

"नोकरी जाईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि त्यांनी बाजूनं मत दिलं असतं, तर आला असतात इथे?"



"नसतो आलो," काका म्हणाले.

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. काकांनी झालं ते सगळं लिहिलं, सही केली. अर्ध्या तासात सभापतींचा आदेश आला. जाहीर झालेला निकाल बदलता येत नाही, आणि कर्तव्यात गंभीर कसूर केल्याचं कर्मचाऱ्यानं स्वतःच कबूल केल्यामुळे त्याला तत्काळ सेवेतून कमी करण्यात येत आहे. यासाठी ना चौकशी समिती लागली, ना दोन तृतीयांश मतं.

घरी बायको दारातच उभी होती. तिनं टीव्ही लावला नव्हता. काय झालं ते तिला नवऱ्याच्या तोंडूनच ऐकायचं होतं.

"काढलं का हो त्याला?"

"नाही. मला काढलं."

"तुम्हाला? तुम्ही काय केलंत?"

सचिवबाईंना सांगणं त्या मानानं सोपं होतं. काका खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि जिन्यावर डॉक्टर दिसले तिथपासून सांगू लागले.