छापील वेळ चारची

टाचणी आपली नव्हती. ओदिलियाच्या टाचण्यांना पांढरी गोल डोकी असायची. ही साधी, लोखंडी, जराशी गंजलेली — लग्नाच्या झग्याच्या कापडी खोळीला आतून टोचलेली, आणि तिच्यात चार घड्या घातलेला कागद. पांढऱ्या कापडाला गंजकी टाचणी... अक्कल गहाण टाकलीय या पोरीने, असं पुटपुटत तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि कागद उघडला. अक्षर मारिसेलाचं, तिच्या लेकीचं. उद्या लग्न होतं तिचं.

आबुंदियो मामा — तीन. चोले मावशी — साडेतीन. बाबा — चार. आई — पाच.

बाबा... एकोणीस वर्षांत या घरात हा शब्द कुणी काढला नव्हता. लेकीला हाताला धरून वेदीपर्यंत आबुंदियो नेणार, असं सगळ्यांसमोर ठरलं होतं. त्याने त्यासाठी नवे बूटही घेतले होते. म्हणजे फाउस्तिनोला बोलावलंय, आणि सगळ्यांना ठाऊक आहे, मी सोडून. चोले परवा मोलेच्या रश्श्यासाठी मिरच्या निवडताना उगाचच जास्त हसत होती, ते यासाठी.

पण बाबापेक्षा तिला तो पाचचा आकडा टोचत राहिला. आत्लिस्कोत कुणाचंही लग्न असो, दिवसाचं वेळापत्रक ओदिलियानेच आखायचं. वेळेवर येणारा माणूस या गावात अजून जन्मायचाय, म्हणून पत्रिकेवर नेहमी तासभर आधीची वेळ छापायची, आणि अट्टल उशीर करणाऱ्यांना तोंडी त्याच्याही आधीची सांगायची — आबुंदियोला खऱ्या वेळेच्या दोन तास आधीची, चोलेला दीड. खरी वेळ मात्र कागदाच्या डोक्यावर लिहून तिच्याखाली दोन रेघा मारायच्या, नाहीतर आपलं आपल्यालाच कळायचं नाही. या कागदाच्या डोक्यावर काहीच नव्हतं. पत्रिकेवर चार छापलंय, म्हणजे खरे पाच. पण छापील वेळ खरी नसते हे या पोरीला शिकवलं कोणी? मीच. आणि समजा, या एका खेपेला छापील वेळच खरी असली तर?

‘आई, या वेळी वेळापत्रक मी करते, तू फक्त नटून ये,’ असं म्हणाली होती ती. तेव्हा किती बरं वाटलं होतं.

मारिसेला स्वयंपाकघरातून आली, केसांना रोलर लावलेले, हातात मोलेचा पळा. ओदिलियाने कागद एप्रनच्या खिशात सारला.

“चाखून बघ. चोले मावशी म्हणते चॉकलेट कमी पडलंय.”

“तिला सगळ्यातच काहीतरी कमी दिसतं... मारि, उद्या पाचच ना?”

“पाच म्हणजे?”

“लग्न लागायला.”

“तुला पाच सांगितलेत ना मी?”

“सांगितलेस.”

“मग झालं तर. तू कुणाला वेळ सांगितलीस तर तो परत विचारतो का?” ती पळा चाटत हसली. नेहमीसारखंच हसली, की... “मी सकाळपासून मावशीकडेच तयार होणार. तुला न्यायला गाडी साडेचारला येईल. आधी निघू नकोस हं, उगाच ताटकळशील.”

ताटकळशील. हाच शब्द बरा सुचला हिला.

मारिसेला आठ वर्षांची होती, चर्चमध्ये पहिल्या प्रसादाचा सोहळा होता तिचा. फाउस्तिनो घर सोडून गेला त्याला वर्ष झालं होतं. किती वाजता यायचं, म्हणून त्याने फोन केला आणि मी म्हणाले, बारा. सोहळा दहाला होता. पोर पांढऱ्या फ्रॉकमध्ये सारखी दाराकडे वळून बघत होती. मी म्हटलं, नाही आला बघ, तो असाच. संध्याकाळी आमच्या दाराच्या कडीला एक मेणबत्ती लटकत होती, पांढरी रिबीन बांधलेली, या सोहळ्यात पोरीच्या हाती देतात तशी. लेकीच्या नजरेला पडायच्या आत मी ती काढली, आणि पुढे वीज गेली तेव्हा जाळून टाकली. हे फक्त चोलेला सांगितलं होतं, तेही तिने शपथ घेतल्यावर.

झग्याला इस्त्री मीच करणार हे पोरीला ठाऊक होतं. मग कागद तिथे लपवला, की ठेवला?

चर्चचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता. ओदिलियाने फिरवला. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा सेवेकऱ्याचा आवाज आला, “बोला.” एक प्रश्न, एक आकडा, बस्स... फाउस्तिनोलाही तेव्हा हा नंबर फिरवता आला असता. गावातल्या कुणालाही विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही, कारण त्याला मी सांगितलं होतं.

“बोला, कोण बोलतंय?”

तिने फोन ठेवला.

“आई, झगा झाला का गं?” आतून हाक आली.

“झालाच.”

तिने कागदाच्या त्याच घड्या घातल्या आणि टाचणी त्याच भोकांतून पुन्हा ओवली. पाच, तर पाच. ठेवणीतल्या कपड्यात, हातात मेणबत्ती घेऊन, चर्चच्या बंद दारासमोर तो किती वेळ उभा राहिला असेल, हे तिने एकोणीस वर्षांत कधी मनात येऊ दिलं नव्हतं. आता झग्याची बाही सरळ करताना ती तेच मोजत होती.