सर्व्हरवरचा रुमाल

"बाबा आले, बाबा आले!"

रक्तपेढीच्या दारात झुंबड उडाली. दवाखान्याच्या तीन इमारतींतली तीन यंत्रं मिळून रक्तसाठ्याची एकच नोंद सांभाळायची आणि ती रोज चहाच्या वेळेला हटकून गोठायची. मग हे संगणकबाबा अवतरायचे.

बाबांनी डोळे मिटले. एक हात यंत्रावर, दुसरा खिशात. "अडकलेला आत्मा आहे. मोकळा करतो. फक्त कोणी शंका घेऊ नका, यंत्राला बाधते!"

साठा सांभाळणारी ताई एरवी टाळ्या वाजवायला सगळ्यांत पुढे. आज ती भिंतीला टेकून उभी होती. काल तिनंच बाबांना फोन केला होता. "सगळ्यांची कामं पार पडली," असं सांगून बाबा गेले, आणि तिच्या जावेसाठी मागितलेल्या रक्ताच्या पिशवीची नोंदच नाहीशी झाली. पिशवी दुसऱ्याला गेली. दुसऱ्या दवाखान्यातून रक्त येईपर्यंत जाऊ शस्त्रक्रियेच्या टेबलावर तशीच होती, आणि अजून शुद्धीवर आली नव्हती.

"बाबा, डोळे खुशाल मिटा," पेढीची डॉक्टरीण म्हणाली, "हात तेवढा खिशाबाहेर काढा."

"श्रद्धा नसेल तिथं..."

"श्रद्धा भरपूर आहे. हात बाहेर!"

हात बाहेर आला, त्यात मोबाइल. पडद्यावर एकच बटण: यंत्राशी असलेल्या सगळ्यांच्या जोडण्या तोडा.

"वाट अडवणाराही उडाला आणि ताटकळणारेही," डॉक्टरीण कडाडली. "रांगेतल्यांना हाकलून दिलं की रांग संपते हो, कामं होत नाहीत! कालची पिशवी अशीच गेली."

बाबांनी काढता पाय घेतला. डॉक्टरीणबाईंनी कीबोर्ड ओढून यंत्राला साधा प्रश्न विचारला: कोण कोणासाठी थांबलंय? तिन्ही इमारतींतले सगळे एकाच जोडणीपाशी अडले होते. त्या जोडणीपुढे ताईचं नाव होतं.

ताई पडद्याजवळ आली. "साठ्याच्या आकड्यांची दुरुस्ती सुरू करून मी चहाला जाते. पक्की आल्यावर करते. मध्येच कोणी आकडे बदलू नयेत म्हणून... बसच्या सीटवर रुमाल टाकतो ना, तसं."

"माणूस गेलाय, रुमाल तेवढा पडलाय. यंत्राला 'चालू काम थांबव' म्हणावं तर चालू काहीच नाही. तेव्हा ही एकच जोडणी बंद करते. अर्धवट दुरुस्ती आपोआप रद्द होईल, तुम्हाला पुन्हा करावी लागेल. करू?"

"करा."

खोळंबलेल्या नोंदी एकेक करून पुढे सरकल्या. टाळी कोणीच वाजवली नाही.

अतिदक्षता विभागाबाहेर दीर बाकावर बसला होता. ताई त्याच्यासमोर उभी राहिली. "भावोजी, भूतबित काही नव्हतं. मीच होते."

त्यानं वर पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, इतके दिवस एकदाही कोणी विचारलं नाही, अडवतंय कोण?"

"नाही. सगळे हातच जोडत होतो."

काम अडलं की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: कोणी अडवलंय? उत्तरात आपलंच नाव निघेल अशी धास्ती असते, आणि बाबांचं फावतं ते तिथंच.