नारळ घेतल्यानंतर

टेंपो लागला तेव्हा आवाज झाला, पण तो आपल्याच गाडीचा आहे हे पटायला मला वेळ लागला. बोईसर सोडून आम्ही पालघरच्या रस्त्याला लागत होतो. दमयंती मागच्या सीटवर उशीला टेकून डोळे मिटून पडली होती. डायलिसिस झाल्यावर ती घरी पोचेपर्यंत तशीच पडून असते. डावीकडच्या गल्लीतून मासळीचा टेंपो आला, ब्रेक करकरले आणि आमची गाडी जागच्या जागी थोडी फिरली.

"काय झालं अवो?" दमयंतीने डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

मागचं डावं मडगार्ड आत जाऊन टायरला भिडलं होतं. दार चेपलं होतं. अशा वेळी माणूस घाबरतो किंवा रागावतो. मला दोन्हींपैकी काही झालं नाही. दमयंतीच्या किडन्या गेल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यापासून मला पुष्कळ गोष्टी वाटेनाशा झाल्या आहेत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगण्यासारखं ते आहे की नाही हेही ठरवता आलेलं नाही. मी टेंपोच्या फळीवर रंगवलेली अक्षरं वाचत उभा राहिलो. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं. समोर अक्षर आलं की डोळे तिकडे जातात.

टेंपोचा ड्रायव्हर तिशीचा असेल. अंगाला बर्फाच्या पाण्याचा आणि मासळीचा वास येत होता. "काका, ब्रेक मारला वो मी, पन गाडी सरकली," तो म्हणाला. "आत बाय हाय काय? तिला लागलं नाय ना?"

"माफ करा," मी म्हणालो, "तुमचा खोळंबा झाला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. तोवर कंपनीतून सुटलेले चार-पाच कामगार जमले होते.

"अंकल, पहले फोटो निकालो."

"अरे फोटो छोडो, गाड़ी साइड में लो, पीछे बस खड़ी है!"

"साइड में मत लेना अंकल, सबूत चला जाएगा!"

"सबूत का अचार डालेंगे क्या? बस का हॉर्न सुन!"

मी दोघांचंही ऐकलं. एक फोटो काढला आणि गाडी घासत घासत कडेला घेतली. घरी आल्यावर पाहिलं तर फोटोत आमचं मडगार्ड आणि एका कामगाराचा डबा आला होता. टेंपोचा नंबर आला नव्हता.

कडेला उभा राहून मी ललितला, माझ्या मुलाला, पुण्याला फोन केला. त्याने सगळं एका दमात सांगितलं. इन्शुरन्स कंपनीला तो कळवणार होता. कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नव्हता. पोलिसांत तक्रार द्यायची. "आणि बाबा, त्या माणसाशी मिटवामिटवी करायची नाही. तुमच्या स्वभावाने तुम्ही लगेच जाऊ दे म्हणाल. कळलं ना?"

"हो," मी म्हणालो.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. आम्ही रिक्षाने माकुणसारला निघालो. अर्ध्या वाटेत खड्ड्यांच्या धक्क्यांनी दमयंतीला उलटी झाली, मग तिची मान माझ्या खांद्यावर पडली आणि काही वेळ ती हाकेला ओ देईना. रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "शुक्रवारी रिक्षा नको."

शुक्रवारचं डायलिसिस चुकवणं शक्य नव्हतं. मागे एकदा चुकलं होतं तेव्हा तिच्या छातीत पाणी भरलं होतं. शेजारच्या वाडीतल्यांची गाडी सुरतेला गेलेली. भाड्याच्या गाडीवाल्यांना मी फोन केले. एकाने उचलला नाही, दुसऱ्याने "पेशंट" हा शब्द ऐकून लग्नाची ऑर्डर असल्याचं सांगितलं. मी फोन ठेवला आणि ओटीवर बसून राहिलो.

दिवे लागायच्या सुमारास तो ड्रायव्हर घरी आला. बरोबर त्याची आई होती, डोक्यावर पदर, हातात नारळ.

"विश्राम मास्तर तुमीच ना?" ती म्हणाली. गावात मला मास्तर म्हणतात. मी कधी शिकवलेलं नाही, पण ते दुरुस्त करायचं राहून गेलं. "मी साखरबाय, मुरब्याची. ह्यो माजा हितेश. गॅरेजवाल्याकडना गाव काढला तुमचा. ह्याची चूक हाय. भायेर दहा जनांना शानपन शिकवतो, आनि सोता गल्लीतना बघत नाय."

"आये, आता पुरे," हितेश पुटपुटला.

"पुरे कसा? त्या बायला काय झालं असता तर?" तिने दोन्ही हातांनी नारळ माझ्यापुढे धरला.

आमच्या पट्ट्यात, वाड्यांतून आणि कोळीवाड्यांतूनही, ही जुनी रीत आहे. चुकलेल्याने नारळ पुढे करायचा. समोरच्याचा राग गेला नसेल तर त्याने हात मागे ठेवायचे. मग गावचे चार जण बसतात. नारळ घेतला तर विषय तिथेच संपला. मग पोलीस नाही, पाठीमागे बोलणं नाही, आणि देणाऱ्याने झालेली अडचण निस्तरायची. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. ललितला दिलेला होकारही आठवत होता. पण साखरबाईचे हात तसेच पुढे होते आणि एखाद्या बाईला असं उभं ठेवणं मला कधी जमलेलं नाही. मी नारळ घेतला.

"आता माजी काळजी मिटली," ती म्हणाली. "तुमची गाडी नीट होयपर्यंत बायला हितेश नेईल. पाम गावात माज्या बहिनीकडं ईको गाडी हाय, मऊ गादीची. सुकरवारी सकाळी येतो."

आतून दमयंतीने सगळं ऐकलं होतं. ते गेल्यावर ती म्हणाली, "चांगली माणसं हायेत." खूप दिवसांनी ती त्या रात्री लवकर झोपली.

दुसऱ्या दिवशी ललितचा फोन आला. "बाबा, दुपारी सर्व्हेअर गॅरेजमध्ये येतोय. त्याच्या आधी पोलीस ठाण्यात जाऊन या. तक्रारीशिवाय क्लेम अडकतो."

"अरे, काल ते लोक घरी आले होते..."

"कोण लोक? बाबा, हेच मी सांगत होतो! गोड बोलून हेच करतात. तुम्ही काही कबूल नाही ना केलंत? जाताय ना?"

"हो," मी म्हणालो.

तसा 'हो' तोंडातून कसा निघतो हे मला सांगता येणार नाही. मी केळवे रोड स्टेशनवरून बोईसरची गाडी धरली. वाटेत दोनदा वाटलं की परत फिरावं, पण परत फिरायचं तर ललितला काय सांगायचं ते सुचेना. पोलीस ठाण्यात एक हवालदार होते, जाड मिशांचे, सभ्य माणूस. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"टेंपोचा नंबर?"

"नाही माझ्याकडे."

"मग शोधायचा कसा, आजोबा? ड्रायव्हर कोण, काही माहीत?"

माहीत होतं. माझ्याच ओटीवर, नारळ देताना त्याच्या आईने सांगितलं होतं. "हितेश," मी म्हणालो. "मुरबे गाव. आईचं नाव साखरबाई." हवालदारांनी लिहिलं आणि मी सही केली. सही नेहमीसारखीच आली.

तिथून गॅरेजमध्ये गेलो. सर्व्हेअर पोरगेलासा होता. त्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले, दार उघडून पाहिलं. मी तक्रारीची प्रत पुढे केली.

"पोलिसांत कशाला गेलात?" तो म्हणाला. "माणसाला लागलं असतं तर गोष्ट वेगळी. एवढ्याला नाही लागत ही. ठेवा तुमच्याकडेच."

"लागत नाही?"

"नाही हो. दार मागवावं लागेल, आठ-दहा दिवस जातील. गाडी नीट होईल, काळजी करू नका."

मी काळजी करत नव्हतो. प्रत घडी घालून खिशात ठेवली, एवढंच.

संध्याकाळी दमयंतीने विचारलं, "दिवसभर कुठं होता?" मी सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली हल्ली सूज असते, त्यामुळे राग आहे की थकवा हे नीट कळत नाही.

"कोनाकोनाला हो म्हनालात?" ती म्हणाली.

मी खिशातली प्रत काढून तिच्या उशाशी ठेवली.

"आता उद्या कोन येतोय!" तिने कूस बदलली.

शुक्रवारी सकाळी तरीही ती तयार होऊन ओटीवर बसली. पिशवीत चादर, फाइल, माझं पुस्तक. कोणी येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. मी रस्त्याकडे पाहत होतो. रिक्षात पुन्हा तिची मान पडली तर काय करायचं, एवढाच विचार येत होता, आणि तोही दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

आणि ईको आली. हितेश चालवत होता. त्याचे डोळे जागरणाने लाल होते. शेजारी साखरबाई. ती खाली उतरली, माझ्या अंगावरून सरळ दमयंतीकडे गेली आणि तिच्या काखेत हात घातला.

"चल बाय, हलूच."

"साखरबाई," मी म्हणालो, "काल मी..."

ती दमयंतीलाच म्हणाली, "सांग त्यांना, दार नीट लावा. अर्धं ऱ्हाता ते."

दमयंतीने माझ्याकडे पाहिलं. "दार नीट लावा," ती म्हणाली.

दोघी आत बसल्यावर मी गाडीचं दार लावलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. नारळ घेऊन जो शब्द फिरवतो, त्याच्याशी बोलणं बंद होतं. लहानपणी आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याशी असं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं होतं. बायका विहिरीवर त्याच्या देखत त्याच्याविषयी बोलत, त्याच्याशी नाही.

वाटभर साखरबाई दमयंतीशी बोलत होती. हितेशला काल पोलिसांनी ठाण्यात बोलावून घेतलं, संध्याकाळपर्यंत बसवला. टेंपो तिथंच उभा, आत मासळी, बर्फ वितळून सगळी उतरली. सुटल्यावर रात्रभर टेंपो धूत बसला.

"मग आज आलात कशा?" दमयंतीने विचारलं.

"नारल मी दिलेला," साखरबाई म्हणाली. "घेनाऱ्याचं घेनाऱ्याकडं. माजा मी मोडू काय?"

हितेश आरशातून मागे बघत म्हणाला, "आये, त्यांना विचार, एसी नको असेल तर बंद करतो."

"एसी हवाय काय, विचारतो," साखरबाई दमयंतीला म्हणाली.

"एसी हवाय काय?" दमयंतीने मला विचारलं. तिच्या ओठांच्या कडेला हसू आल्यासारखं वाटलं. कदाचित माझा भास असेल.

"तुला हवा तसा," मी म्हणालो.

"चालू ऱ्हाऊ दे म्हनतात," दमयंतीने पुढे सांगितलं. मी तसं म्हटलं नव्हतं.

दमयंतीला मशीनला लावलं. एरवी मी तिच्या पायाशी बसून वाचतो. त्या दिवशी पुस्तक उघडलं आणि मिटलं. मग जिना उतरून पोलीस ठाण्यात गेलो. तेच हवालदार होते.

"मला तक्रार मागे घ्यायची आहे."

"काल दिलीत, आज मागे? आजोबा, आजींनी दम दिला काय?"

"नाही. तिला ठाऊक नाही."

"मग त्या पार्टीने धमकी दिली? घाबरू नका, सांगा."

"नाही. ते तर तिला गाडीतून घेऊन आलेत."

"मग सांगितलं कोणी तुम्हाला?"

मी विचार केला. "कोणीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी कपाळावर हात मारला, पण कागद पुढे केला. मी आपसात मिटल्याचं लिहून दिलं. मिटलेलं नव्हतं, तरी दुसरं वाक्य सुचलं नाही. बाहेर आल्यावर आता काहीतरी वाटेल म्हणून मी पायरीवर थोडा थांबलो. फक्त तहान लागली होती. तेवढ्यात ललितचा फोन वाजला.

"नाही," मी म्हणालो.

"अहो बाबा, मी अजून काही विचारलंच नाही!"

"तक्रार मागे घेतली. गाडी नीट होणार आहे. आईला मशीनवर ठेवलंय." एवढं बोलून मी फोन बंद केला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं असेल. बरोबर केलं की नाही, अजून कळत नाही.

हितेश गाडीची काच पुसत उभा होता. मी त्याच्यापुढे जाऊन सांगितलं, "तक्रार मागे घेतली. तसं लिहून दिलंय." त्याचा हात काचेवर क्षणभर थांबला. मग त्याने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि दुसरी काच पुसायला घेतली. साखरबाई सावलीत पाय पसरून बसली होती. तिने ऐकलं होतं. तिने आपल्या पदराची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

परतीच्या वाटेवर दमयंती डोळे मिटून पडली होती. खड्डा आला की हितेश गाडी जवळजवळ थांबवून मग पुढे घेत होता. मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले, शिव्या दिल्या, तरी त्याने वेग वाढवला नाही. ती एकदाही कण्हली नाही.

घरी दोघांनी तिला धरून ओटीवर आणलं. मी पिशवी घेऊन मागे उभा होतो. जाता जाता हितेश वळला.

"काकी," तो दमयंतीला म्हणाला, "सोमवारी कवा येऊ, विचारा त्यांना."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"नेहमीच्याच वेळेला," मी म्हणालो.

"नेहमीच्याच वेळेला," तिने त्याला सांगितलं.