मैनेची पांढरी पिल्लं

मैना दयारामशेठच्या घरी आली ती मुंबईहून मोटारीने, आणि तिच्यासाठी मागची अख्खी सीट रिकामी ठेवली होती. शेठची बायको गोदूबाई ड्रायव्हरशेजारी पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती.

मैना ही सयामी मांजर. इंग्रज गेले त्या साली एका साहेबाने जाता जाता ती शेठना दिली. मिठागरांच्या जोरावर पनवेलात दुमजली घर बांधलेल्या शेठना वाटलं, राज्य नाही तर नाही, राज्याचा थोडा अंश तरी आपल्या वाट्याला आला. नाव 'मैना' ठेवलं, कारण तोवर तिने तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती ओरडली, तेव्हा आळीतल्या बायका कुणाचं तान्हं रडतंय म्हणून बघायला आल्या.

साहेबाने बजावलं होतं: केस आखूड आहेत, रोज मऊ कापडाने पुसा, मासे द्या, एकटी ठेवू नका, थंडी लागू देऊ नका. शेठनी सगळं पाळलं, शेवटचं जरा जास्तच. भर वैशाखात, सदरा पाठीला चिकटत असताना, मैनेच्या अंगात फ्लॅनेलची बंडी असे.

"माज्या डोक्याला कदी तेल चोळलं नाय," गोदूबाई म्हणे, "आन् हिला रेशमी रुमालानं पुसता!"

"तिला खानदान आहे."

"मंग आमी काय मिठागरावर उगवलो?"

शेठ रुमाल उलटून पुन्हा पुसायला लागत. खानदान हा त्यांच्या आवडीचा विषय होता, पण बायकोच्या बाजूने कधी नाही.

त्यातच मुलीचं, शकूचं लग्न अलिबागच्या एका निवृत्त मामलेदारांच्या मुलाशी ठरत आलं. मामलेदार सुधारक असल्याने त्यांना हुंडा नको होता. त्यांना मैनेचं पिल्लू हवं होतं. अलिबागेत सयामी मांजर आपल्याच घरी असावी, दुसऱ्या कुणाकडे नसावी, एवढी साधी अपेक्षा. शेठनी शब्द दिला. पिल्लू नाही तर सोयरीक नाही, हे मामलेदार बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. शकूला मुलगा मनापासून आवडला होता, पण तो मुद्दा कुणी चर्चेला घेतला नाही.

शेठ मैनेला घेऊन पुण्याला एका पारशीणबाईंच्या सयामी बोक्याकडे गेले. बोक्याच्या आजोबांचीही चौकशी केली. इतकी चौकशी त्यांनी जावयाची केली नव्हती.

यथावकाश पिल्लं झाली. पांढरी. कापसासारखी. ना काळे कान, ना काळं तोंड, ना काळी शेपटी. शेठनी एकेक पिल्लू उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांची नजर वर गेली. कुंपणाच्या भिंतीवर शेजारच्या झकेरियांचा पांढराशुभ्र बोका, सुलतान, मिशा पुसत बसला होता. शेठना आणखी पुराव्याची गरज वाटली नाही.

"पुन्याला गेलाव तवा त्यो मोटारीत नव्हता," गोदूबाई म्हणाली.

"तू गप्प बस."

मैनेसकट पिल्लं टोपलीत घालून शेठ झकेरियांच्या दारात उभे राहिले. झकेरियांची बायको अमिरुन्निसा बाहेर आली.

"भाभी, तुमच्या बोक्याचे उद्योग. तुम्हीच निस्तरा."

"भाईसाब, आमचा सुलतान बुढा झाला. पायरी चढला तरी धाप लागते. त्याच्यावर तोहमत घालता?"

शेठ टोपली तिथेच ठेवून निघून आले. अलिबागला त्यांनी कळवलं की मैना बाळंतपणातच गेली आणि पिल्लंही गेली. दुसरी सोय बघतो. मामलेदारांनी सांत्वन केलं आणि बोलणी थोडी लांबवली. शकू जेवेनाशी झाली.

पावसाळा सरल्यावर मामलेदार पत्नीसह 'सहज' पनवेलला आले. काय ते सांगून टाकायलाच आले असावेत. चहा पुढे आला, तोच मागच्या दारातून मैना बोंबलत आत शिरली. तिच्यामागे तिची पिल्लं: काळे कान, काळं तोंड, निळे डोळे.

मामलेदारांनी कप खाली ठेवला. "शेठ, मेलेल्या पिल्लांनी बरंच बाळसं धरलं की."

शेठना खरं सांगावं लागलं.

"अहो, सयामी पिल्लं पांढरीच जन्मतात! रंग मागाहून चढतो," मामलेदारीणबाई म्हणाल्या. "उद्या आमचा नातू तुमच्यासारखा दिसला नाही, तर टोपलीत घालून कुणाकडे पोचवाल?"

दाराआड शकूचा चेहरा उतरला. मामलेदार टोपी उचलू लागले. एवढ्यात पिल्लांच्या मागावर अमिरुन्निसा येऊन उभी राहिली.

"भाभी," शेठचा आवाज पार खाली आला होता, "एक पिल्लू द्या. पोरीचं लग्न आहे."

"देते ना. पण पहिले सुलतानचं नाव साफ करा. सगळ्यांसमोर."

सगळे मागच्या अंगणात गेले. भिंतीवर सुलतान पसरला होता. मिठागरांचे मालक दयारामशेठ हात जोडून बोक्याला म्हणाले, "सुलतान, चूक झाली. पोरं तुझी नाहीत." सुलतान घोरत होता.

अमिरुन्निसाने शेठचे पुढे आलेले हात टाळले आणि पिल्लू शकूच्या ओटीत ठेवलं. "माझ्याकडून तुला, बेटी."

मामलेदारीणबाईंनी पिल्लाचे कान पाहिले, तोंड उघडून दात पाहिले, शेपटी बोटावरून सरकवली. शकूकडे काही पाहिलं नाही.

"चांगली आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मुहूर्त जवळचाच काढा."