साळूबाईच्या नावाचं तेल

चौऱ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात राधेश्याम शेठच्या दुकानाची पायरी चढतानाच साळूबाईचं डोकं भडकलं. टेंभुर्णीहून दरवर्षी ती जुन्या जालन्यातल्या या दुकानात स्वतः काढलेलं मोगऱ्याचं तेल विकायला आणायची. आज फळीवर ‘साळूबाईचं मोगरा तेल’ लिहिलेल्या बाटल्या होत्या, आणि वास मात्र नाकाला झोंबणारा.

"शेठ, यात काय घातलं?"

"गेल्या सालच्या तेलात थोडं सेंट टाकलं. गिऱ्हाईक म्हणतं, वास न्हाई. जमाना बदलून राह्यला, साळूबाई."

वास नाही! दुपारी मिटलेल्या कळ्या खुडायच्या, संध्याकाळी सोललेल्या तिळात त्यांचे थर द्यायचे. रात्री कळ्या तिळातच उमलतात. सकाळी कोमेजलेली फुलं चाळून फेकायची आणि संध्याकाळी पुन्हा ताज्या कळ्या. असे नऊ दिवस झाले की मग तीळ घाण्यावर. फूल एकही घाण्यात जाता कामा नये, तेल आंबतं. तीस वर्षं तिनं हे केलं होतं, आणि या दीडशहाण्यानं वर सेंट ओतून तिच्या नावाला काळं फासलं.

"माझं नाव काढा त्याच्यावरून."

"नाव काढलं तर घेईल कोण?"

मग साळूबाई थांबलीच नाही. फळीवरच्या बाटल्या खाली घेतल्या, फतकल मारून बसली आणि नखांनी एकेक लेबल ओरबाडायला लागली. "सेंट तुमचं, तुमच्या नावानं विका! माझं नाव काय रस्त्यावर पडलंय?" शेठ नुसता "अवो, अवो" करत राहिला.

तेवढ्यात परतूरची एक बाई आली, गाडी गाठायच्या घाईत. तिनं लेबल फाटलेली बाटली उचलून हुंगली. "हेच पाहिजे. दोन द्या."

साळूबाई उठली. सोबत आणलेल्या यंदाच्या तेलाच्या डब्यातले चार थेंब तिनं त्या बाईच्या तळहातावर टाकले. "हे हुंगा. खरा मोगरा हाय हा."

"याला तर वासच न्हाई, मावशी."

"चोळा की! अंगाची ऊब लागली का मंग सुटतो!" साळूबाई ओरडलीच.

"जल्दी हाय मला, गाडी जाईल." बाईनं तळहात पदराला पुसला, दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या आणि निघून गेली.

साळूबाई दातओठ खात त्या पदराकडे बघत राहिली. परतूर येईपर्यंत तो घमघमणार होता, आणि ती बाई म्हणणार होती, शेठच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं वाटतं.