मला रंगवलं, चालवलं नाही

मित्रांनो, खाजणबंदरच्या धक्क्याशेजारी वाळूवर एका कुशीवर पडलेली पांढरी नौका तुम्ही शाळेला येता-जाता बघता. पोटावर लाल रंगाची मोठी फुली मारलेली आहे, तीच मी. तुमच्यातले काही जण माझ्या पाठीवर चढून खेळतात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या फुलीबद्दल. 'नौका जुनी झाल्यामुळे यंत्र बंद पडले' असं माझ्याविषयी कागदावर लिहून ठेवलंय, आणि ते धादांत खोटं आहे. चौकशीत सगळ्यांचे जबाब घेतले, माझा कोण घेणार? म्हणून तो आज तुमच्यासमोर देते.

मी गस्ती नौका. समुद्रावाटे शत्रू थेट घरात शिरू शकतो, हे आपल्या देशाने फार मोठा घाव सोसून शिकलं. त्यानंतर किनाऱ्यावर चौक्या उभ्या राहिल्या आणि माझ्यासारख्या नौका बांधायला घेतल्या. मी लाकडाची नाही. काचेच्या धाग्यांचे थर साच्यात एकावर एक बसवून कारागिरांनी मला घडवलं. पोटात दणकट डिझेल इंजिन बसवलं. इंजिन तापू नये म्हणून माझ्या तळाला एक जाळी आहे, मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी. तिच्यातून समुद्राचं पाणी आत येतं, इंजिन गार करतं आणि बाजूच्या नळीतून धार होऊन बाहेर पडतं. ती धार दिसली की समजायचं, सगळं ठीक आहे. मोठमोठ्या यंत्रांचा जीव असाच एखाद्या साध्या जाळीत असतो, हे मला बांधणाऱ्यांना नीट ठाऊक होतं.

खाजणबंदरच्या सागरी चौकीत मी दाखल झाले तेव्हा तिथल्या प्रमुख होत्या भक्ती मॅडम. डोंगराकडच्या भातशेती करणाऱ्या घरातल्या. समुद्राशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पहिल्या दिवशी माझ्यावर पाय ठेवला आणि अर्ध्या तासात ओकून हैराण झाल्या. पण त्यांनी ते लपवलं नाही. माझा तांडेल, म्हणजे मला चालवणारा गंगाराम, चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. मॅडम सरळ त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला यातलं काही कळत नाही, तुम्ही शिकवा. महिन्याभरात त्या खाडीत पोहायला लागल्या. तुम्हीच सांगा, अंगावर वर्दी असताना 'मला कळत नाही' म्हणणारी माणसं तुम्ही किती बघितलीत?

गंगारामने त्यांना पहिलीच गोष्ट सांगितली ती माझ्याबद्दल. "मॅडम, ह्या इंजनाक रोज सकाळी उठवूक व्हया. एकदा झोपला काय मगे हाकेक येवचा नाय." त्या दिवसापासून रोज सकाळी सातला माझं इंजिन दहा मिनिटं चालायचं. मॅडम स्वतः कठड्यावरून वाकून पाण्याची धार बघायच्या आणि मगच चहाला जायच्या. पाऊस असो, सुट्टी असो, त्यात कधी खंड पडला नाही.

कवायती कधी होणार हे त्या कोणालाच सांगायच्या नाहीत. एकदा तर चतुर्थीच्या दुपारी, ताटात मोदक पडलेले असताना शिट्टी वाजली. माणसं पुटपुटत आली, पण आली. समोरच्या मोठ्या खडकापर्यंत पोचायला आम्हाला पहिल्या वेळी पन्नास मिनिटं लागली होती. सहा महिन्यांनी आम्ही वीस मिनिटांत जाऊ लागलो.

मग मॅडमनी गावातल्या मच्छीमारांना जाळी ठेवायच्या मांगरात बोलावलं. त्या म्हणाल्या, समुद्रावर रात्रंदिवस तुम्ही असता, आम्ही नसतो. क्रमांक पुसलेली, संशय यावा अशी बोट दिसली तर तिच्या जवळ जाऊ नका. लांबून नजर ठेवा आणि आम्हाला फोन करा, वीस मिनिटांत आम्ही तिथे असू. गंगारामचा धाकटा भाऊ बाबू, एकटाच छोटी होडी घेऊन मासेमारीला जाणारा, मागे बसला होता. त्याने विचारलं, "आणि नाय इल्यात तर?"

"तर दुसऱ्या दिवशी सगळा गाव घेऊन चौकीत या आणि मला जाब विचारा," मॅडम म्हणाल्या.

जाब विचारायची वेळ कधी आली नाही. बाबूने तीनदा फोन केला, तीनदा आम्ही वेळेत पोचलो. त्यातल्या दोन वेळा काहीच निघालं नाही. तिसऱ्या वेळी रेडी गावाकडची एक बिचारी बोट निघाली, इंजिन बिघडून भरकटलेली. बाबू ओशाळला, उगाच धावाधाव करायला लावली म्हणून. मॅडमनी त्याला चौकीत बसवून चहा पाजला आणि सांगितलं, शंभर वेळा फुकट बोलाव, पण शंका आली आणि गप्प राहिलास असं कधी करू नकोस. त्या वर्षांत माझ्या अंगाचा रंग उडालेला होता, कठडा वाकलेला होता, आणि मी अगदी खुशीत होते.

मग मॅडमची बदली झाली आणि प्रीतम साहेब आले.

साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. गोड बोलायचे, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचे. पण काम व्हायला हवं यापेक्षा काम दिसायला हवं, यावर त्यांचा सगळा जीव. नारळी पौर्णिमेला गंगारामने धक्क्यावर गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने केलेली विनवणी. एक जण सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. साहेबांना ते इतकं आवडलं की हसत हसत म्हणाले, चौकीतही असंच चालायला हवं. गंमत म्हणून बोलले असतील, पण झालं खरोखरच तसं. देवाला सगळ्यांनी एका सुरात 'व्हय' म्हणणं ठीक आहे. साहेबाला म्हणायला लागले की समजावं, चौकीचे दिवस भरले.

सकाळची दहा मिनिटं सगळ्यांत आधी बंद झाली. उगाच डिझेल जळतं, म्हणे. सगळे व्हय म्हणाले. मग मोठी कवायत आली. आमच्याच दलाची माणसं शत्रू बनून समुद्रातून येणार होती आणि आम्ही त्यांना शोधायचं होतं. साहेबांनी ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन करून ते कुठून आणि किती वाजता येणार हे आधीच विचारून घेतलं. मला पहाटेपासून तिथेच नेऊन उभं केलं. शत्रू आला आणि अलगद सापडला. चौकीला प्रमाणपत्र मिळालं, ते काच लावून भिंतीवर टांगलं. अहो, परीक्षेचा पेपर आधी बघून तुम्ही पहिला नंबर काढलात तर गुरुजी कान पिळतील, आणि इथे हार घातले! खरा शत्रू काय आदल्या दिवशी फोन करून येणार होता?

सारिका नावाची एक तरुण शिपाई चौकीत होती, मिठबावची. ती एकटीच बोलली की साहेब, यातून आपल्याला काहीच कळलं नाही. तेव्हापासून तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं.

त्यानंतर वरच्या कार्यालयातले थोरले साहेब तपासणीला येणार असं ठरलं. मला वाळूवर ओढून घेतलं आणि रंगवायला घरांच्या भिंती रंगवणारी माणसं आणली. ती बिचारी मन लावून काम करत होती. त्यांना नौकेतलं काय कळणार? त्यांनी माझ्या तळावर दाट रंगाचे तीन हात दिले आणि जाळीची सगळी भोकं बुजवून टाकली. दलाची चार माणसं तिथे उभी होती, त्यांच्या नजरेसमोर. गंगाराम त्या दिवशी कामावर नव्हता. परत आला तेव्हा मी पाण्यात तरंगत होते, बगळ्यासारखी पांढरीशुभ्र. त्याने सगळ्यांत आधी इंजिन सुरू करायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, तपासणी होईपर्यंत नाही, धुराने मागचा रंग काळा पडतो.

मित्रांनो, पुन्हा वाचा हे. धुराने रंग काळा पडतो म्हणून गस्तीची नौका सुरू करायची नाही!

तपासणी एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली. वीस दिवस मी धक्क्याला बांधलेली पडून होते. गंगाराम रोज येऊन माझ्या कठड्यावर हात फिरवून जायचा. त्याच्याच्याने आणखी काय होणार होतं?

एकविसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला बाबूचा फोन आला. मोठ्या खडकाच्या पलीकडे एक ट्रॉलर उभा होता. क्रमांक खरवडलेला, झेंडा नाही, आणि डेकवरची माणसं ताडपत्रीखाली काहीतरी झाकत होती. बाबू शिकवल्याप्रमाणे लांबच थांबला होता. फोन साहेबांनी घेतला. ते म्हणाले, "आम्ही निघालोय. तू हलू नकोस, नजर ठेव."

मी अजून दोरांनी बांधलेली होते. निघालोय म्हणे!

साहेबांनी पुढच्याच मिनिटाला वरच्या कार्यालयालाही कळवलं की नौका रवाना झाली. मग माणसं धावली. गंगारामने इंजिन सुरू केलं, आणि सवयीने वाकून बाजूच्या नळीकडे बघितलं. नळीतून पाण्याचा एक थेंबही येत नव्हता. त्याने ओरडून सांगितलं, साहेब, पाणी येत नाही, पाच मिनिटं द्या, खाली बुडी मारून बघतो.

"वर कळवलंय निघालो म्हणून. आता थांबायचं नाही, जा," साहेब म्हणाले. ते स्वतः मात्र धक्क्यावरच उभे राहिले.

गंगारामच्या डोळ्यांसमोर एकीकडे ती कोरडी नळी होती आणि दुसरीकडे खडकापलीकडे थांबलेला भाऊ. सारिका टेबल सोडून धावत आली होती, ती माझ्यावर चढली. आम्ही निघालो. नवव्या मिनिटाला माझ्या पोटातून करपल्याचा वास यायला लागला. बाराव्या मिनिटाला इंजिन कर्कश ओरडलं आणि कायमचं थांबलं. गंगारामने कोयता घेऊन पाण्यात उडी मारली. माझ्या तळाशी जाऊन तो जाळी खरवडत राहिला, श्वास घ्यायला वर यायचा आणि पुन्हा खाली जायचा. रंगाचे पापुद्रे पाण्यावर तरंगायला लागले. ते हातात घेऊन सारिका रडायला लागली. मला तेव्हा इतका संताप आला होता की बोलता येत असतं तर सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेलं असतं.

तिकडे बाबू हलला नाही. इंजिन बंद पडल्याचं त्याला कळवायला सारिका फोन लावत होती, पण तो लागत नव्हता. आम्ही निघालोय असं त्याला सांगितलं होतं ना. वीस मिनिटं झाली, तीस झाली, तो थांबून राहिला. ट्रॉलरवाल्यांनी त्याला बघितलं. त्यांनी ट्रॉलरचं तोंड वळवलं आणि तो सरळ त्याच्या होडीवर घातला. होडीचे दोन तुकडे झाले. बाबूचा उजवा हात त्यात चिरडला. एका रिकाम्या कॅनला डाव्या हाताने धरून तो दोन तास पाण्यात होता. शेवटी मिठबावच्या मच्छीमारांनी त्याला उचललं, सारिकाने वायरलेसवरून त्यांच्या गावाला हाका मारल्या होत्या म्हणून. त्याचा हात कोपरापासून कापावा लागला. ट्रॉलर निघून गेला. त्या ताडपत्रीखाली काय होतं, ते किनाऱ्यावर कुठे उतरलं, हे आजही कोणालाच माहीत नाही. तुम्हाला झोप लागते ना रात्री? मला लागत नाही.

मग चौकशी झाली. साहेबांनी दोन मिनिटांत वर कळवलं, याबद्दल अहवालात त्यांच्या तत्परतेचं कौतुक आहे. सारिकाने रंगाविषयी चार पानं लिहून दिली, ती अहवालाला जोडायची राहून गेली. गंगारामला यापुढे येऊ नका असं सांगितलं. आणि दोष माझा, कारण मी जुनी. आठ वर्षांची नौका जुनी होत नाही हो! भक्ती मॅडमच्या हाताखाली मी अजून दहा वर्षं धावले असते.

आता माझ्या जागी नवी नौका आली आहे. तिच्यावर अजून प्लास्टिकचं आवरण आहे. उद्घाटनाची तारीख मिळेपर्यंत तिचं इंजिन सुरू करायचं नाही, असा हुकूम आहे.

गेल्या आठवड्यात दोघे भाऊ माझ्या सावलीला येऊन बसले होते. बाबू आता दुसऱ्याच्या होडीवर मासे निवडायला जातो, एका हाताने जमेल तेवढं. बोलता बोलता त्याने सांगितलं की परवा पुन्हा तसाच एक ट्रॉलर दिसला, क्रमांक नसलेला. गंगाराम ताडकन उठून उभा राहिला. त्याने विचारलं, फोन केलास? बाबू म्हणाला, नाही.

"कित्याक नाय केलंस?"

"कोणाक करू, दादा? आणि केलंय तर येतलो कोण?"

गंगारामने माझ्या कठड्यावरून एकदा हात फिरवला.

मित्रांनो, माझं इंजिन जळलं याचं मला दुःख आहे, पण माझा राग त्यासाठी नाही. इंजिन नवं मिळतं, नौका नवी मिळते. शंका आली की न लाजता फोन करणारा बाबू या किनाऱ्याला परत मिळणार नाही, आणि तो कोणी घालवला हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. वस्तूंची काळजी घ्या, एवढंच सांगून मी थांबले असते, पण मला तर रंगरंगोटी करून नटवूनच मारलं. तुमच्यातलं कोणी उद्या शिपाई होईल, कोणी साहेब होईल. कोणी तुम्हाला चकचकीत नौका दाखवली तर टाळ्या वाजवू नका. आत्ता, याच क्षणी ती सुरू करून दाखवा म्हणा. आणि दाखवणारा धक्क्यावरच उभा राहिला, तर त्यालाही आत बसायला सांगा.