फौजदाराच्या घरची पत्रकं

काचेच्या बांगडीला एका ठिकाणी सांधा असतो. डोळ्यांना तो सहसा दिसत नाही. बोट फिरवलं की किंचित उंचवटा लागतो. मेहमुदाबी मणेर बांगडी भरताना तो सांधा अंगठ्याखाली धरत, आणि बांगडी मनगटावर कधी उतरली ते कळतही नसे.

त्या दिवशी मेहमुदाबी माजघरात माझ्या सासूबाईंना बांगड्या भरत होत्या. बाहेर सोप्यात मामंजींची मुलाखत चालली होती. मी दोन्हींच्या मध्ये, उंबऱ्याशी. टेपरेकॉर्डर आमच्या कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागाचा होता आणि तो मीच चालवायचा अशी अट होती.

मुलाखत घेणारा कृष्णात इतिहासाचा संशोधक. बेचाळीसच्या चळवळीच्या आठवणी तो कोल्हापुरात गोळा करत होता. तुरुंगात गेलेल्यांशी बोलून झालं होतं. आता त्याला पकडणाऱ्यांची बाजू हवी होती. मामंजी तेव्हा संस्थानचे फौजदार होते.

"माझ्या हद्दीत," मामंजी माइककडे वाकून म्हणाले, "पत्रकाचा एक कागुद फिरला न्हाय!"

माजघरात मेहमुदाबींचा हात थांबला. सासूबाईंनी मान खाली घातली.

खरी गोष्ट आम्हा तिघींना ठाऊक होती. त्या काळात मेहमुदाबी बांगड्यांचे जुडगे भूमिगतांच्या पत्रकांत गुंडाळून आणायच्या. बांगडीवालीची पाटी पोलीस उपसत नसत. काच फुटली तर अपशकुन नको. पत्रकं उतरत ती फौजदाराच्याच घरात. सासूबाई ती खणाच्या घडीत घालून हळदीकुंकवाला नेत. अंमलदारांच्या बायकांत ज्यांना वाचता येई त्या इतरांना वाचून दाखवत. हे सासूबाईंनी मला लग्नानंतर सांगितलं होतं. नवऱ्याची नोकरी जाईल म्हणून त्या आधी गप्प राहिल्या, आणि संस्थान विलीन झाल्यावर त्यांचा मान जाईल म्हणून. "सांगीन एक दिवस त्यास्नी," असं त्या दर पंधरा ऑगस्टला म्हणत आणि शिऱ्याला साखर घालत.

"ऐकलं का आक्का?" मेहमुदाबी कुजबुजल्या. "तुमचं मालक लई कडक हुतं म्हनं."

"गप गं."

"म्या गपच हाय की. तुमीबी हायसा. म्हंजे त्येंचंच खरं व्हनार."

बाहेर कृष्णातनं विचारलं, "आणि स्त्रियांचा सहभाग?"

मामंजी मोठ्यानं हसले. "बायकांचा? अरं, चांगल्या घरच्या बायका त्या. चुलीम्होरनं उठल्या न्हाईत. लिव्ह तसं."

"मला आतापर्यंत कुणीच काही सांगितलेलं नाही," कृष्णात म्हणाला. "पुरावा मिळाला नाही तर तसंच लिहावं लागेल."

नोंद नाही म्हणजे शून्य नव्हे, हे मी प्रयोगशाळेत मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले होते. ते त्या क्षणी बोलावंसं वाटलं. पण ही गोष्ट माझी नव्हती. मी आत वळून सासूबाईंना एवढंच म्हणाले, "आत्या, टेप चालू आहे. थोडीच फीत उरलीय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या.

"अवो आक्का, एक हात तसाच ऱ्हायलाय!"

"ऱ्हाऊ दे."

पाहुण्यांसमोर सोप्यात त्या कधी बसत नसत. त्या दिवशी सरळ जाऊन मामंजींच्या समोरच्या जाजमावर बसल्या. पाठ ताठ, पदर खांद्यावर नीट. मला त्या एकदम उंच वाटल्या.

"च्या कुठाय?" मामंजींनी विचारलं.

"च्या मागनं." सासूबाईंनी माइक हातानं आपल्याकडे ओढला. "हे असंच बोलायचं न्हवं रं?"

कृष्णातनं मान डोलावली. दारात मेहमुदाबी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अवो," सासूबाई मामंजींना म्हणाल्या, "तुमच्या हद्दीत पत्रकं फिरत हुती. या घरातनं जायाची. ही मेहमुदा आणायची, म्या वाटायची." मग त्या कृष्णातकडे वळल्या. "आमा दोघींची नावं लिव्ह, पोरा."